रोल वाया जाईल

परवा आई फ्रिज पुसत होती आणि अंड्यांच्या कप्प्यामागून तिला चार काळ्या डब्या सापडल्या, राखाडी झाकणाच्या. "हे तुझे रोलच आहेत का रे अजून? ठेवू का फेकू? दोन वर्षं झाले मी यायले इकडून तिकडं सरकवून राहिली." मी म्हटलं ठेव. मग म्हटलं नको, दे इकडे. मग त्या हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो आणि शेवटी हे लिहायला घेतलं, कारण दोन-तीन मित्रांनी आधीच विचारून झालंय की बे, तू तर कट्टर फिल्मवाला होतास नं, मग हा खिशातला डिजिटल कॅमेऱ्याचा डबा कधीपासून?

रोल फ्रिजमध्ये का, हे बाहेरगावच्यांना सांगावं लागतं, नागपूरच्यांना नाही. मे महिन्यात पंचेचाळीस-शेहेचाळीस डिग्रीत जिथं माणूस दुपारी बाराच्या नंतर घराबाहेर पडत नाही तिथं फिल्मचं काय होत असेल. उष्णतेनं तिच्यावर आपोआप धुकं चढतं आणि रंग भलतीकडेच सरकतात. म्हणून आमच्या फ्रिजात पन्हं, दही आणि कोडॅक गोल्डचे रोल असे शेजारी नांदायचे. वापरायच्या आधी दोन-तीन तास डबी न उघडता बाहेर ठेवायची, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. आईला हे सगळं पाठ होतं, एकदा तर तिनंच पाहुण्याला सांगितलं की तो डबा उघडू नका, त्याले घाम येते.

सुरुवात बाबांच्या कॅमेऱ्यापासून करतो, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तिथंच आहे. बाबा रेल्वेत होते आणि त्यांच्याकडे आगफा क्लिक थ्री होता, तो काळा, त्यात १२० चा रोल जायचा आणि फोटो निघायचे बारा. मोजून बारा. चौकोनी. कॅमेऱ्यावर ऊन आणि ढगाची चित्रं होती, आभाळ बघून काटा तिकडे करायचा, बस्स, बाकी काही नाही. बारा फोटो म्हणजे आमच्याकडे साधारण एक वर्ष: दिवाळीचे चार, कुणाच्या तरी लग्नाचे पाच, राहिलेले तीन गावाकडचे. मी हट्ट करायचो की माझा सायकलवरचा काढा, तर एकच उत्तर यायचं, "रोल वाया जाईल." त्यांच्या आवाजात राग नसायचा, ते फक्त हिशोब सांगायचे. पण हे वाक्य माझ्या डोक्यात असं काही बसलं की पुढची पंचवीस वर्षं मी कॅमेरा डोळ्याला लावला की ते आतून वाजायचं.

माझा स्वतःचा कॅमेरा म्हणजे पेंटॅक्स के १०००, सेकंड हँड, १९९९ मध्ये, पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या पगारातून घेतलेला. ज्यांनी तो वापरलाय त्यांना मी काय सांगू. १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं हे मॉडेल बनत होतं आणि त्यात असं काहीच नाही जे बिघडू शकेल. ऑटोफोकस नाही, ऑटो काहीच नाही. आत एक काटा आहे, तो मधोमध आला की उजेड बरोबर, आणि त्या काट्यापुरताच एक बटणाएवढा सेल लागतो, सेल संपला तरी कॅमेरा चालूच. गंमत म्हणजे हे उजेड मोजायचं मीटर बंद करायचं बटणच नाही त्याला. लेन्सवर टोपी लावून अंधार करून ठेवायचा, नाहीतर सेल उतरतो. नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही, मी चार सेल वाया घालवून शिकलो. (बघा, आला परत तो शब्द.)

आणि मीटरची तशी गरजही नव्हती. उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ वर ठेवायचं आणि शटर फिल्मच्या डबीवरच्या आकड्याएवढं, म्हणजे २०० ची फिल्म असेल तर अडीचशे, सेकंदाचा अडीचशेवा भाग. जगभर लोक हा नियम अंदाज म्हणून वापरतात. मार्च ते मे नागपुरात तो सरकारी आदेशासारखा लागू होतो. ढग येतच नाही, काटा बघायचा कशाला.

फजितीपण सांगून टाकतो, लपवून काय करायचं. मामेबहिणीच्या साक्षगंधाला फोटो मी काढीन म्हणून मीच पुढे पुढे केलं होतं. के १००० मध्ये रोल टाकताना त्याचं टोक उजवीकडच्या चकतीत नीट अडकवावं लागतं आणि लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची घुंडी फिरते का ते बघावं लागतं, ती फिरली म्हणजे रोल पुढे सरकतोय. मी घाईत होतो, बघितलं नाही. अंगठी झाली, ओटी झाली, मुलाच्या आजीनं क्षणभर डोळे मिटून घेतलेला एक अप्रतिम क्षण झाला, छत्तीस झाले, सदतीस झाले, आणि लिव्हर आपली लोण्यासारखी फिरतेच आहे. तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. रोल जिथल्या तिथं होता, एक इंचही हलला नव्हता. सगळ्या घरात मी एकटाच होतो ज्यानं ते साक्षगंध एवढं बारकाईनं बघितलं आणि माझ्याकडेच त्याचा एक फोटो नाही. मामी अजूनही लग्नकार्यात मला बघितलं की विचारते, "रोल अडकवला नं?" मी हो म्हणतो. आता रोलच नाही हे तिला सांगायची हिंमत होत नाही.

तर असे वीस-बावीस वर्षं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एक लॅब होती, मेन रोडच्या आतल्या गल्लीत, तिथं संध्याकाळी रोल टाकायचा, बाजूला चहा, आणि दुसऱ्या दिवशी मॅक्सी साइजचे प्रिंट आणि फुकटचा पातळ अल्बम, कव्हरवर हमखास एक परदेशी तळं किंवा गुलाबाचं फूल. लॅबवाले काका मशीनवर बसून एकेक निगेटिव्ह पडद्यावर बघत पटापट बटणं दाबायचे, सायन वाढव, मॅजेंटा कमी कर, डेन्सिटी एक घर खाली. मी मागं उभा राहून बघायचो आणि तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली जी फिल्मवाल्या दोस्तांना सांगितली की ते चिडतात. फिल्मचा कलर, फिल्मचा कलर म्हणून आपण ज्याच्यावर एवढा जीव टाकतो नं, त्यातला अर्धा त्या काकांचा असायचा. काकांना गोरं दाखवायची आवड होती. माझा सावळा मित्र माझ्या सगळ्या प्रिंटमध्ये दोन शेड उजळ आहे. दुसऱ्या लॅबमध्ये तोच रोल दिला तर तोच मित्र पिवळा. कोडॅकचा यात काय दोष आणि काय श्रेय?

ब्लॅक अँड व्हाइट मात्र मी घरीच धुवायचो आणि त्याचा सीझन असायचा, डिसेंबर-जानेवारी, हुरड्यासारखा. कारण त्याच्या डेव्हलपरला २० डिग्री लागते आणि थंडीत आमच्या बाथरूमच्या नळाला बरोबर तेवढंच पाणी येतं, थर्मामीटर बुडवून खात्री करायचो आणि उगाच आनंद व्हायचा. रजईत दोन्ही हात घालून अंधारात रोल टँकच्या चकरीवर चढवायचा, मग डेव्हलपर, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवायचा. बाबा आंघोळीला उभे असायचे बाहेर टॉवेल घेऊन. मे महिन्यात हेच करायचं तर बर्फाची लादी आणावी लागली असती. उलट कलरच्या रोलला ३७.८ डिग्री लागते आणि मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून तेवढं गरम पाणी फुकट येतं, पण कलरचं केमिकल घरी आणायच्या फंदात मी पडलो नाही, डेव्हलपरमध्ये फक्त सव्वातीन मिनिटं आणि त्यात तापमान अर्धा डिग्रीपण इकडचं तिकडं व्हायला नको, एवढं टेन्शन मला ऑफिसातच पुरतं.

मग काकांनी मशीन बंद केलं. लोकांना वाटतं धंदा बसला म्हणून बंद केलं, तसं आहेही, पण नेमकं कारण त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. त्या मशीनमधलं केमिकल जिवंत ठेवायला रोज ठराविक रोल त्यातून जावे लागतात, जेवढे रोल जातील तेवढं ताजं केमिकल आपोआप आत येत राहतं. रोलच आले नाहीत की डेव्हलपर नुसता पडून हवेनं खराब होतो आणि मग जो एखादा रोल येतो तो बिघडतो, तो बिघडला की ते गिऱ्हाईकही परत येत नाही. "एकट्या तुझ्यासाठी मी टाकी भरून ठेवू का सांग," काका म्हणाले. त्यांचं खरं होतं. मी महिन्याला एक रोल देणारा माणूस, मी काय त्यांचं मशीन जगवणार होतो.

त्यानंतर रोल कुरियरनं बाहेर पाठवणं सुरू झालं. एप्रिल-मेमध्ये पाठवायचेच नाहीत, कारण टेम्पोत तीन दिवस भाजून निघतील, म्हणून जूनपर्यंत साचवायचे, पुन्हा फ्रिजात, यावेळी काढलेले रोल, आईला वेगळा कप्पा मागितला तर तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं. एकदा एक पाकीट वाटेत हरवलं, दोन रोल गेले, त्यात काय होतं तेही मला आता आठवत नाही आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. मी एका रविवारी हिशोब केला. रोल अकराशेच्या आसपास, धुवून स्कॅन करायचे पाचशे, जाण्यायेण्याचं कुरियर दोनशे. अठराशे भागिले छत्तीस. एका खटक्याला पन्नास रुपये. पन्नास रुपयांत एक प्लेट तर्री पोहे होतात आणि वर चहा.

आणि पन्नास रुपयांचा खटका दाबताना माणूस काय काढतो? त्याच त्या 'लायक' गोष्टी.

हे मला कसं कळलं ते सांगतो पण त्याआधी नवा कॅमेरा. रिको जीआर थ्री घेतला, तोही सेकंड हँडच, एका मुलानं घेऊन कपाटात ठेवला होता. २०१९ चं मॉडेल आहे. वजन सेल-कार्ड धरून २५७ ग्रॅम, म्हणजे पाव किलो साखरेच्या पुडीएवढं, आणि शर्टाच्या खिशात जातो. लेन्स एकच, झूम नाही, फिल्मच्या भाषेत २८ एमएम, म्हणजे जरा रुंद बघणारी. आत सेन्सर मात्र मोठ्या कॅमेऱ्यातला असतो तो, एपीएस-सी, २४ मेगापिक्सेल, म्हणजे वीस इंच रुंद प्रिंट काढली तरी फुटत नाही. फ्लॅश नाही. डोळा लावायला खिडकीपण नाही, फक्त मागचा स्क्रीन. एक बारीकशी गंमत मला नंतर कळली की २०११ मध्ये पेंटॅक्सचा कॅमेऱ्याचा धंदा रिकोनंच विकत घेतला, म्हणजे मी घर सोडलं असं वाटत होतं पण प्रत्यक्षात चुलतभावाकडेच राहायला आलो.

मित्र विचारतात मग मोबाईल काय वाईट आहे. वाईट काही नाही. पण मोबाईल माझ्याऐवजी ठरवतो. तो एका दमात चार-पाच फोटो घेऊन त्यांची आपल्या मनानं मिसळ करतो, सावली उजळ करतो, आभाळ निळं करतो, आणि नागपूरचं मेमधलं आभाळ निळं नसतंच मुळी, ते पांढरं असतं, तव्यावरच्या वाफेसारखं. आणि दुसरं म्हणजे फोटो काढताना वरून बँकेचा मेसेज येतो.

पहिले दोन आठवडे मी इतके वाईट फोटो काढले की के १००० ची माफी मागावीशी वाटली. कारण हात फिल्मचा होता. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त दिला तरी ती पोटात घालते, उलट कमी दिला तर सावलीत काही उरत नाही, म्हणून आम्ही फिल्मवाले कायम एक घर जास्त देणारे. डिजिटलचं बरोबर उलटं. जास्त झालं की पांढरं ते पांढरंच, तिथं काहीच नोंदलं जात नाही, मग कॉम्प्युटरवर डोकं आपटा. दीक्षाभूमीचा घुमट मी पहिल्या दिवशी असा जाळून आलो की फोटोत स्तूपाच्या जागी नुसतं एक भोक दिसत होतं. आता एक्स्पोजर उन्हात कायम उणे ०.७ वर असतं, आणि याच्यात एक मीटरिंग आहे जे फक्त सगळ्यात उजळ भागाची काळजी घेतं, आमच्या गावासाठीच बनवलंय जणू. सावल्या नंतर उघडता येतात. उजेड मात्र गेला तो गेला.

दुसरा त्रास स्क्रीनचा. दुपारी उन्हात तो आरशासारखा होतो, त्यात आपलाच घामेजलेला चेहरा दिसतो. सुरुवातीला मी एक हात छत्रीसारखा धरून उभा राहायचो, लोक थांबून विचारायचे काही पडलं का डोळ्यात. शेवटी स्क्रीन बघणंच सोडून दिलं आणि तिथंच ह्या कॅमेऱ्याचा खरा उपयोग सुरू झाला. याच्यात स्नॅप फोकस म्हणून आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा दोन मीटर, आणि बटण एका झटक्यात खालपर्यंत दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, सरळ त्या दोन मीटरवर फोटो घेऊन मोकळा. एफ ८ ठेवलं तर एवढ्या छोट्या लेन्सला साधारण एक मीटरपासून पार पलीकडच्या चौकापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ही युक्ती जुनीच, के १००० वर लेन्सवरच्या आकड्यांच्या रेघा बघून मी हेच करायचो, पण तिथं शटरचा तो 'खटाक' आवाज आणि डोळ्यासमोर पाव वीट धरल्यासारखा कॅमेरा, समोरचा माणूस हमखास शर्ट नीट करायचा.

फरक कळला मारबतीला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत निघते, मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, १८८० च्या दशकापासून निघून राहिली, इतवारी-महालच्या त्या अरुंद रस्त्यांवर हजारो माणसं, 'घेऊन जा गे मारबत' चा ओरडा, बडगे म्हणजे टिंगलीचे पुतळे, ढोल, मध्येच पाऊस. फिल्मवर मी ही मिरवणूक सहा-सात वर्षं काढली आणि दरवेळी काय आलं तर पुतळा. मधोमध पुतळा, वर आभाळ. कारण पन्नास रुपयांचा फोटो आहे बाप्पा, पुतळाच नाही आला तर कसं. गेल्या वेळी जीआर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेला (पाण्याचा त्याला बंदोबस्त नाही), हात छातीशी ठेवला आणि पुतळ्याकडे पाठ केली. एक बाई गॅलरीतून मारबतीकडे बघत कडेवरच्या पोराचं नाक पुसत होती. एक पोलीस पावसात दुकानाच्या फळीखाली उभा राहून जिलबी खात होता. चितार ओळीतला एक मूर्तिकार, ओल्या मातीचे हात तसेच वर धरून, जसा डॉक्टर ऑपरेशनच्या आधी धरतो. कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. दोन बॅटऱ्या संपल्या, एकीत जेमतेम दोनशे फोटो निघतात, तेव्हा दुसरी खिशात लागतेच. घरी येऊन पाहिलं तर चारशे दहा फोटो, त्यातले तीनशे नव्वद फालतू. पण वीस! फिल्मवर मला सात वर्षांत मारबतीचे वीस मिळाले नव्हते.

आता ते 'कसं कळलं' वालं. जुन्या निगेटिव्ह प्लास्टिकच्या पट्ट्यांत होत्या, कपाटात, आणि कूलरच्या ओल्या हवेनं त्यांना बुरशी धरायला लागली होती. (कूलरच्या खोलीत लेन्स आणि निगेटिव्ह ठेवू नका, माझी ५० एमएमची लेन्स तशीच गेली, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं झालंय.) म्हटलं निदान काय काय आहे ते तरी बघून ठेवू. जीआरमध्ये मॅक्रो आहे, सहा सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो. मोबाईलचा स्क्रीन पांढरा करून आडवा ठेवला, वर जरा अंतर ठेवून दुधी प्लास्टिक, त्यावर निगेटिव्ह, आणि एकेक फ्रेम काढत गेलो, नंतर कॉम्प्युटरवर उलटी करून घेतली. छापण्यासारखं नाही होत पण बघायला पुरतं. दिवाळीच्या सुट्ट्या यातच गेल्या. साधारण नव्वद रोल निघाले, म्हणजे तीन हजारावर फोटो.

फुटाळा तलावाचा सूर्यास्त ६४ वेळा. मी मोजले. अंबाझरीचा वेगळा, तो धरला नाही. झिरो माइलचे चार घोडे, सगळ्या बाजूंनी. सीताबर्डीचा किल्ला. संत्र्यांचे ढीग, इतके की माझं मलाच हसू आलं, नागपूरचा माणूस संत्र्याचे फोटो असे काढतो जसं काही विमानातून आत्ताच उतरला आहे. आणि बाबा? बाबा अकरा फ्रेममध्ये. अकराही लग्नातले, कोट घातलेले, हात बाजूला चिकटलेले. आई एकोणीस, सगळ्या पैठणीत किंवा देवळात. आमच्या स्वयंपाकघराचा एकही नाही. जुन्या घराचा तो मागचा व्हरांडा, जिथं मी मोठा झालो, जिथं बाबा पाटावर बसून दाढी करायचे, त्याचा एक फोटो आहे, तोही चुकून, रोल टाकल्यावर सुरुवातीचे दोन खटके असेच मारून टाकावे लागतात नं, त्यातला एक. अर्धा पांढरा जळालेला आणि उरलेल्या अर्ध्यात बादली आणि बाबांचा एक पाय. ते घर २०११ मध्ये पाडलं.

म्हणजे तीन हजार फोटोंत जो एक मला आज हवाय तो मी काढलाच नव्हता, तो वाया गेलेल्यातून आला.

तेव्हापासून मी घरात काढतो. जीआर डायनिंग टेबलावर पडलेला असतो, चष्म्याच्या घराशेजारी. बाबा पेपर वाचताना, बाबा पेपर तोंडावर घेऊन झोपल्यावर, कूलरमध्ये पाइपनं पाणी भरताना, आई कैऱ्या फोडताना, आई फोनवर मावशीशी भांडताना. बाबांनी दोन-तीन दिवस सहन केलं आणि मग विचारलं, "एवढे काढून राहिला, रोल नाही संपत का याचा?" मी म्हटलं आता रोल नसते नं बाबा. त्यांनी जरा विचार केला. "मग वाया कसे जातात?" मी म्हटलं वाया नाही जात. ते म्हणाले, "मग तू पाहतो का ते परत?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं. कार्डात सहा हजार फोटो होते आणि मी एकदा बघून सोडून दिलेले. अकरा फ्रेम तरी मी वीस वर्षं सांभाळल्या होत्या.

म्हणून एक पद्धत लावून घेतली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे फोटो बघायचे आणि छत्तीस निवडायचे. छत्तीसच, सदतीस नाही. ते पेन ड्राइव्हवर टाकून लॅबमध्ये न्यायचे आणि मॅक्सी साइजचे प्रिंट काढायचे. लॅबवाला पोरगा विशीतला आहे, पहिल्यांदा म्हणाला, "भाऊ, शंभर काढले तर रेट कमी पडते." मी म्हटलं नको. त्याला वाटलं पैसे नाहीत, मी समजावायच्या भानगडीत पडलो नाही. छत्तीस निवडणं म्हणजे काय त्रास आहे हे ज्यानं केलं त्यालाच कळेल, पहिले पंचवीस सहज निघतात आणि मग दोन तास बसा.

प्रिंट आणले की रात्री जेवणं झाल्यावर टेबलावर पसरतो. बाबा चष्मा लावून एकेक उचलतात, मागच्या बाजूला बॉलपेननं तारीख टाकतात, रेल्वेतल्या अक्षरात. स्वतःचा झोपलेला फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले पेपर जुना दिसतो. आईला मात्र पहिला गठ्ठा अजिबात आवडला नाही. त्यात तिचा ओट्यापाशी उभा असलेला एक फोटो आहे, पदर खोचलेला, एका हातात झारा, ओट्यावर दुधाचं पातेलं, तेलाची बरणी, पिठाचा डबा उघडा, कोथिंबिरीच्या काड्या, खिडकीतून तिरपं ऊन येतंय आणि फोडणीचा धूर त्यात दिसतोय. मला विचाराल तर पंचवीस वर्षांत मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे तो.

"हा कायले काढला रे?" ती म्हणाली. "पसारा तेवढा दिसून राहिला. अन् याचे पैसे देऊन आला तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घ्यायला गेलो तर ओटा चकचकीत पुसलेला. बरणी आत, डबा आत, पातेल्यावर झाकण. मी कॅमेरा हातातपण घेतलेला नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी खिडकीत तुळशीचं छोटं रोप आलं. आता फोडणी टाकायच्या आधी ती मागं वळून बघते मी कुठं आहे, आणि मी दिसलो की पदर काढून नीट खांद्यावर घेते. चार महिने झाले. मारबतीच्या गर्दीत मला कुणी ओळखलं नाही आणि इथं चार बाय सहाच्या स्वयंपाकघरात मी पकडला जातो. स्नॅप फोकस एक मीटरवर ठेवून, कॅमेरा बनियनच्या आड धरून, पाणी प्यायला आल्यासारखं करून बघितलं. "ठेव तो खाली," ती न वळता म्हणाली, "मले आवाज येते त्याचा." त्याला आवाज नाहीये. बंद केलेला आहे.